चारशे बारा व्हॉल्व्ह आणि एक डोकं

थोरले साडूभाऊ यांस,

धाकट्या साडूचा वाकून नमस्कार. (कंबर जेवढं वाकू देते तेवढाच वाकलो आहे, उरलेला मनातून समजून घ्यावा.) पत्र पोचेल तेव्हा आपण, ताई आणि घरची सगळी मंडळी खुशाल असाल अशी आशा करतो. ताईंचा गुडघा कसा आहे? आपला खोकला गेला का? आणि आपले केस कसे आहेत? नाही, सहज विचारलं. या वयात आपल्याइतके दाट केस असलेला माणूस आमच्या अख्ख्या गल्लीत नाही, हे मी परवाच कुणाला तरी सांगत होतो. मध्यंतरी तेल बदललं वगैरे नाही ना? बदलू नका. माणसाने चांगल्या सवयी सोडू नयेत.

दोन वर्षं झाली, आपलं येणं नाही की पत्र नाही. कारण मी विसरलेलो नाही. आमच्या पुढच्या खोलीत खुर्चीवर बसून आपण भिंतीला डोकं टेकवलंत, त्या जागी ताटलीएवढा तेलाचा डाग पडला, आणि मी चार माणसांत 'साडूभाऊंनी आमच्याकडे तेलाचा घाणा सुरू केला वाटतं' असं बोलून गेलो. आपण चहाचा कप अर्धा ठेवलात आणि ताईंना घेऊन निघालात. माझी जीभ ही अशीच. दुसऱ्यांचे रेडिओ दुरुस्त करण्यात जन्म गेला, पण स्वतःचा आवाज कमी करायचं बटण काही सापडलं नाही. मी चुकलो. तो डाग आजही तिथेच आहे, मी कुणाला पुसू दिलेला नाही, आणि आता तर त्या डागाबद्दल मला नितांत आदर वाटतो. तो का, ते पुढे येईलच.

हकिकत अशी की, माझं दुरुस्तीचं दुकान बंद झाल्याला सहा वर्षं झाली. दुकान बंद झालं आणि दुकानातले व्हॉल्व्ह घरी राहायला आले. (व्हॉल्व्ह म्हणजे जुन्या रेडिओत पेटायचे ते काचेचे दिवे. आपण एकदा त्यांना 'औषधाच्या बाटल्या' म्हणाला होता, म्हणून हा खुलासा.) मोजून चारशे बारा. त्यांतले काही अंगठ्याएवढे, काही चांगले वांग्याएवढे. इतकी वर्षं ते मागच्या खोलीत गुण्यागोविंदाने नांदत होते. कुणी बिस्किटांच्या डब्यात, कुणी बुटांच्या खोक्यात, कुणी कुकरच्या रिकाम्या खोक्यात, आणि सगळ्यांत नाजूक जे होते ते लेकीच्या बाहुलीच्या पलंगावर, पांघरूण घालून. पण येत्या अठ्ठावीस तारखेला लेक तिच्या चार महिन्यांच्या बाळाला घेऊन महिनाभर येते आहे, आणि तिला मागची खोली हवी. आपल्या मेहुणीने (म्हणजे आमच्या हिने) मला उभं करून निकाल दिला. एक लोखंडी कपाट मिळेल. त्यात जे मावेल आणि मागितल्याबरोबर जे सापडेल, ते तुमचं. बाकीचं भंगारवाल्याचं. अपील नाही.

त्यात भर म्हणजे मी एक वचन देऊन बसलो होतो. आपल्या सासरेबुवांचा रेडिओ आठवतो ना? तोच, लाकडी पेटीचा, ज्याच्या बटणावरून ताई आणि ही लहानपणी एकमेकींच्या वेण्या ओढायच्या. सासरेबुवा गेले त्या वर्षी तो आमच्याकडे आला, आणि आल्यापासून मुका आहे. त्याला एकच व्हॉल्व्ह हवा आहे. दुकानात आम्ही त्याला नुसतं 'चौऱ्याऐंशी' म्हणायचो, कारण त्याच्या नंबरात शेवटी चौऱ्याऐंशी येतं. ही दर सणावारी नाही तर दर भांडणाला मला आठवण करून द्यायची, की घरात रेडिओवाला आहे आणि माझ्या वडिलांचा रेडिओ बंद आहे. अकरा वर्षं मी 'बघतो' म्हणत आलो. लेकीचं पत्र आलं त्या दिवशी मात्र तोंडातून निघून गेलं, की बाळ येईल त्या दिवशी त्याला पणजोबांचा रेडिओ ऐकवीन. हिने संध्याकाळी जाऊन त्या पेटीवरची धूळ पदराने पुसली. त्यामुळे मग मागे फिरायची सोयच राहिली नाही.

तर कामाला लागलो. व्यवस्था लावणं म्हणजे काय असतं ते व्यवस्था लावायला घेतल्यावर कळतं. माझं म्हणणं, नंबराप्रमाणे लावावेत. हिचं म्हणणं, उंचीप्रमाणे, म्हणजे दार उघडल्यावर बरं दिसेल. (ही डाळीसुद्धा रंगाप्रमाणे लावते.) पहिल्यांदा मी एकेक व्हॉल्व्ह एकेका मोज्यात ठेवून पाहिला. मऊ असतात, आपटला तरी धोका नाही. माझे मोजे संपल्यावर शेजारच्या शिंप्याचे चार जोड मागून आणले. चार दिवस उत्तम चाललं. पाचव्या दिवशी मी बँकेत जायच्या घाईत मोजा ओढला आणि आत पाय घातला. माझा पाय शाबूत राहिला, त्याचे तीन वाकले. (व्हॉल्व्हला खाली सात-आठ-नऊ असे बारीक पाय असतात.) शिंपी दुसऱ्या दिवशी आपले मोजे परत घेऊन गेला, आणि नेताना प्रत्येक मोजा दारातच उलटा करून झटकला. माणसाचा माणसावर विश्वास राहिलेला नाही.

मग अंड्यांचे ट्रे सुचले. अंडीवाल्याकडे जाऊन मी वीस ट्रे मागितले. त्याने वीस ट्रे अंडी मोजायला घेतली. मी म्हटलं, अंडी नकोत, नुसते ट्रे. त्याने माझ्याकडे, म्हणजे दहीवाला नुसत्या मडक्याचं गिऱ्हाईक आल्यावर पाहील, तसं पाहिलं. पण दिले. ट्रे अप्रतिम निघाले. प्रत्येक खळग्यात एक व्हॉल्व्ह, डोकं वर, पाय खाली. प्रत्येकाच्या पोटावर मी नंबराची चिठ्ठी चिकटवली, तीही घरी शिजवलेल्या खळीने. बाजारातला डिंक मी वापरत नाही. माझी खळ कशालाच धरत नाही असं हिचं मत आहे, पण तो तिचा पूर्वग्रह. आठ दिवसांत चारशे बारा जण रांगेत बसले, कपाटात अर्धा कप्पा रिकामा राहिला, आणि शेवटच्या डब्याच्या तळाशी, रद्दी कागदात गुंडाळलेला, अकरा वर्षं मी ज्याला शोधत होतो तो सापडला. चौऱ्याऐंशी! घरात एकुलता एक. मी ओरडत स्वयंपाकघरात गेलो, हिला दाखवला, हिने हातात घेतला, आणि काय सांगू, तिचे डोळेच भरले. संध्याकाळी बसवतो म्हणालो. लगेच बसवला असता, पण अकराला दाताच्या डॉक्टरांची वेळ होती. तिथेच घात झाला.

दाढ काढून घरी आलो तेव्हा उजवा गाल पावाएवढा सुजलेला, तोंडात कापसाचा बोळा, आणि जीभ तोंडात आहे की डॉक्टरांनी ठेवून घेतली याची खात्री नाही. दार उघडलं तर जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर, आणि चादरीवर चारशे बारा व्हॉल्व्ह. लखलखीत. माझंच तोंड मला चारशे बारा वेळा दिसलं, दर खेपेला गाल सुजलेलं. हिने कोमट पाण्यात साबण घालून, जुन्या मऊ ब्रशाने, एकेक व्हॉल्व्ह बाळाला घालावी तशी आंघोळ घालून, पुसून, पंख्याखाली वाळत ठेवला होता. माझ्या चिठ्ठ्या पाण्यात सुटल्या होत्या, पण तिने एकही फेकली नव्हती. चारशे बारा चिठ्ठ्या परातीत, वेगळ्या, नीट वाळत घातलेल्या.

आता इथे आपल्याला धंद्यातली एक गोष्ट सांगणं भाग आहे. व्हॉल्व्हचा नंबर काचेत कोरलेला नसतो, वरून छापलेला असतो, आणि म्हातारा झाला की तो इतका हळवा होतो की नुसतं बोट लागलं तरी रुसून जातो. म्हणून व्हॉल्व्ह कधी पुसायचा नसतो, धुणं तर दूरच. हाताखाली आलेल्या प्रत्येक माणसाला मी पहिल्या दिवशी हेच शिकवलं. चौतीस वर्षं सगळ्यांना सांगितलं, फक्त घरी सांगायचं राहिलं.

मी ओरडलो असतो. ओरडणारच होतो. पण बधिर तोंडातून नुसतं 'ऊंऽऽ' असं निघालं, आणि डोळ्यांतून जे पाणी आलं ते तिला कौतुकाचं वाटलं. ती म्हणाली, "तीस वर्षं ह्यांना शिव्याच घातल्या हो मी. म्हटलं, एकदा मायेने हात फिरवावा." आणि हसली. साडूभाऊ, असं हसू मी या घरात फार दिवसांनी पाहिलं. बधिरपणा उतरायला तीन तास लागतात. तीन तास गप्प बसायची वेळ माझ्यावर लग्नानंतर प्रथमच आली, आणि गप्प बसलं की माणूस विचार करतो असं दिसतं. तोंड सुटेपर्यंत माझा निश्चय झाला होता. हिला सांगायचं नाही. नंबर गेले तर गेले, पण आपणच आपल्या वडिलांचा रेडिओ मुका केला हे तिला कळता कामा नये. मी म्हणालो, छान झालं, आता फक्त चिठ्ठ्या पुन्हा लावायच्या.

आपण म्हणाल, एवढा अनुभवी माणूस, नुसत्या रूपावरून ओळखता येत नाहीत? रूपावरून घराणं कळतं, माणूस नाही कळत. त्या चौऱ्याऐंशीच्याच उंचीचे, त्याच बांध्याचे, तसेच नऊ पायांचे अठ्ठावन्न जण निघाले, जसे एका शाळेचे गणवेशातले विद्यार्थी. तपासायचं यंत्र माझ्याकडे आहे, पण ते यंत्रही पहिल्यांदा विचारतं, नंबर काय? अंदाजाने एक लावून पाहिला तर रेडिओतून असा काही धूर निघाला की मी वेळीच वायर ओढली म्हणून पेटी वाचली. (हिला सांगितलं, उदबत्ती होती.)

गेलेला नंबर परत आणायचे तीन उपाय आहेत. पहिला, काचेवर वाफ सोडायची. जिथे पूर्वी शाई होती तिथे वाफ वेगळी बसते आणि क्षणभर नंबर दिसतो. मी मागच्या खोलीचं दार लावून दोन दिवस 'हाऽ हाऽ' करत बसलो. बावीस नंबर मिळाले, पण हिने ते बाहेरून ऐकलं आणि मला दमा झाला असं ठरवून डॉक्टरांना घरी बोलावलं. डॉक्टरांनी छातीला नळी लावून मोठा श्वास सोडायला सांगितला. मी सोडला, आणि सवयीने त्यांच्या चष्म्याच्या काचेवर नंबर शोधायला लागलो. तेव्हापासून मला रोज दोन गोळ्या आहेत. दुसरा उपाय, व्हॉल्व्ह फ्रीजमध्ये गारठवायचा आणि बाहेर काढल्याबरोबर वाचायचा. मटारच्या पिशवीत लपवून मी पंधरा ठेवले आणि बारा वाचले. उरलेले तीन काढायच्या आत वरच्या मजल्यावरच्या बाई पाय मुरगळल्यामुळे बर्फ मागायला आल्या, आणि हिने त्यांना ती पिशवीच दिली. घोट्यावर मटार शेकता शेकता त्यांच्या हाती काय लागलं असेल याची कल्पना आपणच करा. तिघांना मी जिन्यातून परत आणलं. नंबर वितळून गेले होते.

तिसरा उपाय आमच्या उस्तादांचा, म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी धंदा शिकलो त्यांचा. हा रामबाण. व्हॉल्व्ह डोक्यावरच्या केसांतून दोनदा फिरवायचा. केसांचं तेल काचेला लागतं, पण शाईच्या जागी निराळं लागतं, आणि उजेडात तिरका धरला की नंबर लख्ख वाचता येतो. उस्तादांच्या डोक्यावर जंगल होतं. बोलता बोलता ते व्हॉल्व्ह डोक्यातून फिरवायचे आणि नंबर सांगायचे. गिऱ्हाइकांना वाटायचं, बुवा अंतर्ज्ञानी आहेत. आता माझं डोकं आपण पाहिलंच आहे. ते स्वतःच व्हॉल्व्हचं मोठं भावंड आहे. तरी टकलाला तेल चोपडून प्रयत्न केला, तर व्हॉल्व्ह कपाळावरून असा सुळकन गेला की खाली फरशीवर फट्! चारशे अकरा. फडक्याला तेल लावून पाहिलं, तर सगळी काच सारखीच माखते. केसांचा हात फडक्याला नाही. शेवटी पिशवीत वीस व्हॉल्व्ह घेऊन न्हाव्याकडे गेलो. तिथे डोक्याला तेल लावलेल्या एका सद्‌गृहस्थांची मान खुर्चीत मागे टाकलेली, तोंडावर गरम टॉवेल, आणि न्हावी आत वस्तरा शोधायला गेलेला. अशी संधी देव पुन्हा देत नाही. तीन नंबर वाचून झाले. चौथ्याला गृहस्थ जागे झाले, टॉवेल काढला, आणि आरशात त्यांना दिसलं की मागे एक टकला माणूस त्यांच्या डोक्यात दिवा खुपसतो आहे. न्हाव्याने मला हात जोडून सांगितलं की यापुढे येऊ नका, तसंही तुमच्याकडे कापण्यासारखं काही नाही.

त्या संध्याकाळी मी पुढच्या खोलीत हताश बसलो होतो. हातात एक व्हॉल्व्ह होता. नजर भिंतीवर गेली, आपल्या डागावर. काय वाटलं कुणास ठाऊक, उठलो आणि व्हॉल्व्ह त्या डागावर घासला. साडूभाऊ, अंगावर काटा आला. नंबर स्पष्ट! दोन वर्षं झाली, वर दोनदा जळमटं काढून झाली, आणि तरी आपल्या डोक्याचं तेल आपलं काम करतं आहे. माझे हात आपोआप जोडले गेले. पण हाय, एका व्हॉल्व्हमध्ये डाग कोरडा पडला. एकूण नंबर अडतीस मिळाले, त्यांत चौऱ्याऐंशी नाही. तीनशे त्र्याहत्तर बाकी आहेत. आज सतरा तारीख आहे. ही रोज विचारते, बाबांचा रेडिओ कधी लावताय? मी रोज नवीन थाप मारतो. थापांचा साठा मात्र नंबराप्रमाणे लावलेला नसल्यामुळे कालचीच थाप आज पुन्हा मारली गेली, आणि ती माझ्याकडे जरा टक लावून बघत राहिली.

असो. आमचं असंच चालायचं. आपल्याकडून काही अपेक्षा नाही, फक्त लोभ राहू द्यावा. ताईंना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि आपल्या केसांना सादर प्रणाम.

आपला,
धाकटा साडू

ता. क. – सहज सुचलं म्हणून लिहितो. आपण आठ दिवस आमच्याकडे राहायला याल का? लगेच. भिंतीची खुर्ची आपली. जागा कमी पडली तर चारही भिंती आपल्या. न्हाव्याकडे जाऊ नका, डोकं धुऊ नका, आणि प्रवासात टोपी घालू नका, ती उगाच तेल पिते.

दुसरा ता. क. – ताईंनाही आणा. त्या हिला स्वयंपाकघरात बोलण्यात गुंतवतील. हिला यातलं अक्षरही कळू देऊ नका, ही माझी हात जोडून विनंती.

तिसरा ता. क. – आपला राग अजून गेला नसेल आणि येणं अगदीच होणार नसेल, तर निदान आपल्या उशीची खोळ पार्सलने पाठवा. जुनी असेल ती.

भाऊजींना नमस्कार.

इथून पुढे मी लिहिते आहे. ह्यांनी पाकीट आपल्या खळीने चिकटवलं, पाच वाजता पोस्टात टाकतो म्हणाले, टेबलावर ठेवलं आणि झोपले. ह्यांच्या खळीने आजवर काही चिकटलंय का? मी पंखा लावला आणि पाकीट आपसूक उघडलं. वाचायचं नव्हतं. वाचलं.

आधी खूप रडू आलं. मला खरंच माहीत नव्हतं हो. मग ते डॉक्टरांच्या चष्म्याचं वाचलं आणि पदर तोंडात कोंबून हसले. दोन दिवस हा माणूस माझ्यासाठी धापा टाकत बसला होता, आणि मी त्याला दम्याच्या गोळ्या देत होते! हे न्हाव्याकडे गेले, भिंतीकडे गेले, तुमच्या उशीपर्यंत गेले. पण घरात कमरेपर्यंत केस असलेली बायको आहे, रविवारचा रविवार वाटीभर तेल लावते, ते काही ह्यांना दिसलं नाही.

मी अंबाडा सोडला आणि ते अठ्ठावन्न असलेले ट्रे घेऊन खिडकीत बसले. चौदावा चौऱ्याऐंशी निघाला.

तुम्ही दोघं या. ताईला सांगा, बाबांचा रेडिओ लागणार आहे, बटणाचं आत्ताच ठरवून टाकू. आणि डोकं धुऊन येऊ नका. तीनशे एकोणसाठ उरलेत, माझ्या एकटीच्या केसांना झेपायचे नाहीत.

पाच वाजत आलेत. पोस्टात जाताना हे बूट घालतात. चौऱ्याऐंशी मी त्यांच्या उजव्या मोज्यात ठेवलाय, आणि समोर खुर्ची घेऊन बसले आहे.